तेरा ग्रॅम

चाळीस वर्षं दांडिया बाजारात वह्या बांधल्या,
कागद मला बोटांनी कळतो.
सत्तर ग्रॅम अर्जाचा, साठ शाळेच्या वहीचा,
पतंगाचा पंचवीसच्या आसपास.
शितोळेवहिनींनी माझ्या तळहातावर ठेवला
तो तेरा.

आरपार दिसतं. कापणी सरळ,
कडेला डिंकाची केसाएवढी रेघ.
खोटं कशाला बोलू, उत्तम कागद.
हे मी मोठ्याने म्हणालो,
आणि वहिनींनी असं पाहिलं
की मी चष्मा पुसायला घेतला.

निहारच्या कंपासपेटीत सापडला.
कर्कटक, कोनमापक, एक मोडकी पट्टी
आणि ही डबी, वर चष्मा लावलेलं माकड.
गल्ल्यावर याला गोगो म्हणतात,
तान्ह्या पोराला खेळवताना काढावा तसा आवाज.
आत काय भरायचं ते गल्लेवाला विकत नाही.
तो फक्त कागद विकतो.
मीही जन्मभर तेच केलं.

डबी बत्तीसची. सवयीनं मोजले, एकोणीस निघाले.
वहिनींनी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
वजाबाकी त्यांना येते.

रविवारी व्यायामशाळेच्या ओट्यावर बसलो सगळे.
घोरपडे बँकेतल्यासारखी विषयपत्रिका घेऊन,
रमीलाबेन भूगोलाचा तास घेतल्यासारख्या उभ्या,
सादिकभाईंनी पतंगाची फिरकी आणलेली.
शाळेच्या फाटकाला दोरीचं टोक बांधलं
आणि चालत गेले धनसुखच्या गल्ल्यापर्यंत.
फिरकी अर्धीसुद्धा उलगडली नाही.

धनसुख चुना कालवत म्हणाला,
"माझापण छोकरा तिथंच भणतो, काका.
मी नाय ठेवला तर पुलाकडचा ठेवेल."
दोन्ही वाक्यं खरी होती.
पहिल्या वाक्याला त्याचा हात थांबला होता,
दुसऱ्याला नाही.

अर्ज मी लिहिला. सत्तर ग्रॅमवर,
मराठीत, मग गुजरातीत.
मुलांची नावं नकोत, असं ठरलं.
म्हणून सगळीकडे "एक विद्यार्थी",
"एक विद्यार्थी", "एक विद्यार्थी".
वाचताना वाटे, एकच पोरगा आहे
आणि तो फार घरांत राहतो.

कारण त्या आठवड्यात दिवेलागणीनंतर
लोक एकेकटे दुकानात यायला लागले.
मुठीत काहीतरी. "जरा बघता?
हा कसला कागद?"
ज्यांनी सभेत आवाज चढवला होता, तेही.
मी बोटांत धरायचो, सांगायचो.
सात जणांना खरं सांगितलं.
आठव्या रमीलाबेन.

"नकाशा गिरवायचा आहे," मी म्हणालो,
"नातीचा असेल."
तीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी,
गिरवायचा कागद त्यांना अंधारात ओळखता येतो.
"हं, असेल," म्हणाल्या
आणि पदरात बांधून घेऊन गेल्या.
दुसऱ्या दिवशी सह्यांच्या कागदावर
पहिली सही त्यांची. शाई पलीकडे उमटलेली.

अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे.
पाचपैकी तीन गल्ल्यांनी माळा उतरवल्या.
चौथा खालून काढून देतो, ओळख लागते.
धनसुखच्या खिळ्याला आता चिंचेच्या गोळ्या,
आणि पोरं तिथं उभीच राहतात अजून,
कशासाठी ते विसरल्यासारखी.

डबी पोलिसांकडे जमा केली.
अठरा कागद.
एक मी ठेवून घेतला.
जुन्या पुस्तकाचं पान फाटलं की
त्यावर असाच कागद लावतात, खळीनं, अलगद.
अक्षरं खालून दिसत राहतात,
फाटलेलंही दिसतं.

निहार परवा येऊन बसला होता.
बोलला नाही. मी त्याला सुई ओवायला दिली.
तिसऱ्यांदा ओवली गेली.